चिखलातलं पाऊल कुणी बघितलं?

नागापूर, जि. अहिल्यानगर



मागल्या महिन्यात आमच्या वस्तीवरून दोन पोरांना उचललं. त्यातला एक माझा पुतण्या. शेजारच्या बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. "चौकशीला चला" म्हणून नेलं आणि तिसऱ्या दिवशी सांजच्याला सोडलं. पोराला नीट पाय टेकता येत नव्हता. दहाही बोटांना काळी शाई होती. मी विचारलं, "कशावर अंगठा दिलास?" तर म्हणाला, "काका, दोन कागद लिहिलेले होते, एक कोरा होता. वाचून नाय दाखवला."

मोटार अजून सापडलेली नाही. कुठलं ठाणं, कोण साहेब, हे इथं लिहीत नाही. साहेब बदलतात, रीत बदलत नाही. आपल्याला भांडायचं आहे ते त्या रीतीशी.

आता दुसरी गोष्ट ऐका. ज्या रात्री मोटार गेली त्या रात्री विहिरीभोवती पाणी धरलेलं होतं, सगळा चिखल झाला होता. आमच्या वस्तीवरचे म्हातारे बाबा सकाळी शेरडं घेऊन तिकडून गेले. त्यांचे आजे गावचे जागले होते. बाबांनी चिखलात दोन गोष्टी बघितल्या: टाचेच्या बुटाचं पाऊल आणि चारचाकी गाडीची चाकोरी. आमच्या पोरांकडं बूटही नाही आणि गाडीही नाही. पण पोलीस आले ते आधी आमच्या वस्तीवर. विहिरीवर गेले दुपारनंतर. तोवर गुरं पाण्यावर येऊन सगळा चिखल तुडवून गेली होती.

चिखलातलं पाऊल कुणी बघितलं नाही. पोरांची पाठ मात्र बघितली. असं का होतं, ते समजून घेऊ. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

माग काढणारे आपणच होतो

आज पोलीस म्हणतात, शास्त्रीय तपास म्हणजे शहरातली, शिकलेल्या माणसांची गोष्ट आहे, ती तुम्हाला काय कळणार. पण पाऊल बघून माणूस ओळखायची विद्या या मुलखात कुणाची होती? भिल्लांची, रामोश्यांची, कोळ्यांची, बेरडांची. पेशवाईत आणि त्याच्याही आधी गावाची राखण जागल्याकडं असायची. चोरी झाली की जागल्यानं पाऊल शोधायचं, काडीनं त्याची लांबी-रुंदी मोजायची आणि माग धरत शिवेपर्यंत जायचं. शिवेवर पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून ते माप त्याच्या हाती द्यायचं. मग पुढचा माग त्याचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, भरपाई त्या गावाच्या गळ्यात.

एल्फिन्स्टन साहेबानं १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. म्हणजे हे आपल्या आज्यानं सांगितलेलं नुसतं कौतुक नाही, सरकारच्याच कागदावर आहे.

ही पद्धत सोन्याची होती असं मी म्हणत नाही. माग ज्या गावात हरवला त्या गावातल्या गरिबावरच दंड फिरत असेल. पण एक गोष्ट त्यात होती. तपास पावलापासून सुरू व्हायचा आणि माणसापर्यंत जायचा. आज तो माणसापासून सुरू होतो, तेही ठरलेल्या वस्तीतल्या माणसापासून, आणि पुरावा मागाहून शोधतात. नाहीच सापडला तर कोरा कागद आहेच.

राखणदाराचा चोर कसा केला

१८१८ ला पेशवाई बुडाली, इंग्रज आले. डोंगरातले हक्क, राखणीची बलुती, घाटवाटांवरची वसुली या सगळ्याला त्यांनी हात घातला. ज्याचं पोट राखणीवर होतं त्याचं पोट मारलं. मग तो उठला. रामोश्यांचा उमाजी नाईक उठला. त्याला ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिलं. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे सावकाराविरुद्ध आणि सरकारविरुद्ध उठला. त्याला पंढरपुरात पकडून २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवलं.

उठाव मोडताना इंग्रजानं दोन कामं केली. एक, आपल्यातलेच जवान घेऊन आपल्यावर सोडले. खानदेशात औट्रम साहेबानं १८२५ ला भिल्लांची पलटण उभी केली ती यासाठीच. दुसरं काम जास्त खोल होतं. आपल्याला कागदावर उतरवलं. कॅप्टन मॅकिंटॉश हा अहमदनगरच्या पोलीस पलटणीचा प्रमुख. रामोश्यांवर आणि महादेव कोळ्यांवर पहिली मोठी टिपणं इंग्रजीत लिहिली ती त्यानं. कुळं कोणती, देव कोणते, लग्नं कशी लागतात, कुठल्या घाटानं येतात-जातात, सगळं लिहिलं. विचार करा, आपली पहिली ओळख जगाला कुणी करून दिली? ज्याचं काम आपल्याला पकडायचं होतं, त्यानं.

पुढं १८५७ चं बंड झालं. १८६१ ला पोलीस कायदा आला. हे पोलीस दल गावाला विचारून उभं केलेलं नव्हतं. राज्य टिकवायला उभं केलेलं होतं. दहा वर्षांनी, १८७१ ला, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. म्हणजे माणूस काय करतो ते बघायचं नाही, कुणाच्या पोटी जन्मला ते बघायचं. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ ला नवा कायदा करून मुंबई इलाख्यालाही लावला. पारधी, कैकाडी, भामटा यांच्याबरोबर रामोशी आणि बेरडही त्या गुन्हेगार यादीत बसले. ज्यांनी पिढ्यानपिढ्या गावाची राखण केली तेच जन्मजात चोर ठरले! नाव रजिस्टरात, रोजची हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वस्ती केली. आणि त्याच १९११ च्या कायद्यात लिहिलं होतं की, नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे सरकारला कधीही घेता येतील. गुन्हा घडलेला असो नसो.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. आपण 'विमुक्त' झालो म्हणतात. पण १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि ठाण्यातली जुनी चोपडी नव्या पुठ्ठ्यात घातली गेली. आज मोटार चोरीला गेली की पोलीस आधी वस्तीवर का येतात, त्याचं उत्तर त्या चोपडीत आहे.

अंगठ्याची खरी गोष्ट

आपल्याला वाटतं, बोटाचे ठसे हा विलायतेतून आलेला शोध. तसं नाही. त्याची सुरुवात बंगालमध्ये झाली, आणि चोर पकडायला नाही, करारातला गरीब माणूस बांधून ठेवायला झाली.

१८५८ ला जंगीपूरला हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी त्यानं रस्त्याच्या खडीचा करार केला. हा उद्या "सही माझी नव्हे" म्हणेल, म्हणून हर्शेलनं त्याच्या सगळ्या पंजाला शाई लावून कागदाच्या पाठीवर उमटवला. धाक बसावा एवढाच हेतू. पुढं १८७७ ला हुगळीत त्यानं पेन्शनच्या कागदावर, तुरुंगात आणि जमिनीच्या दस्तांच्या नोंदणीत बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या अंगठ्याची गाठ पहिल्यांदा पडली ती जमिनीच्या कागदाशी!

त्याच सुमाराला आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं? १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांचे वाडे घेरले. मागणी एकच, खतं बाहेर काढा. खतं हाती आली की चौकात जाळली. न वाचता दिलेली निशाणी काय करते, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

१८९७ ला कलकत्त्यात ठशांचं पहिलं कार्यालय निघालं. लाखो ठशांतून एक ठसा झटक्यात सापडावा अशी मांडणी तिथं बसवली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांनी. नाव मात्र झालं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. १९०१ ला तीच पद्धत लंडनच्या पोलिसांनी उचलली. माग आपला, अंगठा आपला, अक्कलही इथल्या माणसाची, आणि मालक साहेब.

तरी मी शास्त्राला शिव्या घालणार नाही. संघटनेतले काही जण म्हणतात, "अंगठा कुठंच द्यायचा नाही, सगळी फसवणूक आहे." हे चूक आहे. दोन गोष्टी सांगतो.

१८९२ ला अर्जेंटिना देशात दोन लेकरांचा खून झाला. आईनं ओळखीच्या एका माणसावर आळ घेतला. पोलिसांनी त्याला मार मार मारलं, तो कबूल झाला नाही. मग दाराच्या चौकटीवर रक्तानं भरलेला बोटाचा ठसा सापडला. तो आईचाच निघाला आणि तिनं गुन्हा कबूल केला. मारानं जे झालं नाही ते ठशानं केलं, आणि एक निरपराध सुटला.

दुसरी गोष्ट बंगालमधली, जलपायगुडीची. चहामळ्याच्या गोऱ्या मॅनेजरचा खून झाला, पैसे गेले. पंचांगाच्या कागदावर अंगठा उमटला होता, तो त्याच्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ ला कोर्टानं त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची दिली नाही. कारण हात कागदाला लागला, एवढंच ठसा सांगतो. खून कुणी केला ते सांगत नाही. गोऱ्या माणसाच्या खुनात गोऱ्यांच्या राज्यातलं कोर्ट एवढा विचार करतं, मग आमच्या पोरांच्या वेळी स्वराज्यात तो विचार कुठं जातो?

पुरावा आपल्याकडूनच का मागतात?

साथींनो, सगळ्याचं मूळ इथं आहे. मोठ्या माणसावर आळ आला तर सरकारनं सिद्ध करायचं. आपल्यावर आळ आला तर आपण सिद्ध करायचं की आपण चोर नाही.

डोंगरातलंच बघा. बाई सरपणाची मोळी घेऊन निघाली किंवा हिरड्याचं गाठोडं घेऊन निघाली. गार्डनं अडवलं. १९२७ च्या वन कायद्याचं ६९ वं कलम म्हणतं, जंगलातला माल कुणाचा असा वाद आला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. सिद्ध कुणी करायचं? त्या बाईनं. तिच्या परसातल्या झाडाची फांदी असली तरी तिनंच. ज्या जंगलात तिच्या सात पिढ्यांची थडगी आहेत, तिथं पुरावा तिच्याकडं मागतात. सरकारकडं कुणी मागत नाही की, हे जंगल तुझं कधीपासून?

१९७८ च्या डिसेंबरात सरकारनं ठराव केला की, ३१ मार्च १९७८ पर्यंतची आदिवासींची वनजमिनीवरची वहिवाट कायम करू. पण तेव्हा पुरावा काय मागायचे? दंडाची पावती! म्हणजे ज्याला गार्डनं चोर ठरवून कागद दिला, त्याचीच वहिवाट खरी. ज्यानं चिरीमिरी, कोंबडं देऊन वेळ मारून नेली त्याच्याकडं कागदच नव्हता. बांध घातलेला दिसतो, विहीर दिसते, आंब्याचं झाड आज्यानं लावलेलं दिसतं. हे सगळं जमिनीत उमटलेलं पाऊल आहे. पण तेही तेव्हा कुणी बघत नव्हतं.

आणि शास्त्र आलं म्हणून न्याय येतोच असं नाही. १९७२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात आपल्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. डॉक्टरी तपासणी झाली. पुढं सुप्रीम कोर्टानं त्या दोघा पोलिसांना सोडलं, का तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत. म्हणजे ती राजी होती! रात्रीचं ठाणं, आत पोलीस, बाहेर थांबलेले नातेवाईक, हे डॉक्टरच्या कागदात कुठं लिहायचं? देशभर बाया रस्त्यावर आल्या तेव्हा १९८३ ला कायदा बदलला. कागद तोच असतो. तो कुणाच्या बाजूनं वाचायचा हे ताकदीवर ठरतं.

"मारल्याशिवाय निघत नाही"

पोलीस म्हणतात, "आम्हाला मुंबईसारखी प्रयोगशाळा नाही, माणसं नाहीत, गाडी नाही. मग काय करणार? मारल्याशिवाय निघत नाही."

हे खोटं आहे. चिखलातलं पाऊल बघायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी सातला विहिरीवर यावं लागतं. पावलावर टोपलं झाकावं लागतं. आमच्या बाबांना विचारावं लागतं. ठसे तपासायला पुण्याला सी.आय.डी.चं कार्यालय आहे. पण विहिरीच्या पेटीवरचा ठसा कुणी उचललाच नाही, तर पुण्याला काय पाठवणार? आमच्या पोरांच्या बोटांना शाई लावली ती जुळवायला नाही. चोपडी भरायला लावली.

आणि मारून काय मिळतं हे सरकारला शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा इंग्रजानंच केला. त्याचं २५ वं कलम म्हणायचं, पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. का? कारण आपले पोलीस कबुली कशी काढतात ते खुद्द इंग्रजालाच ठाऊक होतं. त्यानं स्वतःच्या पोलिसावर विश्वास ठेवला नाही. मग आपण का ठेवावा?

आपण काय करायचं

भाषण पुरे. परवाच्या बैठकीत ठरलं ते लिहितो. घरोघर वाचून दाखवा.

एक. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. लिहिलेला असला तरी वाचून दाखवल्याशिवाय नाही. चौकशीत पोलिसानं लिहून घेतलेल्या जबाबावर सही-अंगठा घ्यायचाच नाही, असं फौजदारी कायदा सांगतो. एवढं पोरांना पाठ करवा.

दोन. कुणाला नेलं की त्याच घटकेला वस्तीनं मिळून ठाण्यावर जायचं. अटक केली तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला लागतं, हे घटनेत आहे. बाईला आणि पंधरा वर्षांखालच्या पोराला साक्षीसाठी ठाण्यावर बोलवता येत नाही. मार बसला असेल तर मॅजिस्ट्रेटला सांगायचं, "डॉक्टरकडून तपासा." तो आपला हक्क आहे.

तीन. चोरी आपल्या शेजारी झाली तर आपणच आधी जागा राखायची. पाऊल असेल तर टोपलं झाका, माप घ्या, दोन साक्षीदार करा, पोलीस पाटलाला दाखवा. म्हाताऱ्यांकडून पोरांनी माग काढायला शिकायचं. ती आपली विद्या आहे, तिची लाज धरू नका.

चार. ज्यांना पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि जे आता खटल्यातून निर्दोष सुटले किंवा खटल्याविना सुटले, त्यांनी आपले ठसे आणि फोटो नष्ट करा असा अर्ज द्यायचा. कायद्यातच तसं आहे. आजवर आपल्या भागातून असा एकही अर्ज गेल्याचं मी ऐकलं नाही. पहिला अर्ज माझ्या पुतण्याचा जाईल.

पाच, आणि हे सगळ्यात मोठं. तोच अंगठा आता आपल्या बाजूनं उभा करायचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडं गेलेली जमीन परत देण्याचा कायदा आहे. त्यानंतरची विक्री कलेक्टरच्या परवानगीशिवाय चालत नाही. किती म्हातारे सांगतात, "मी खरेदीखत केलंच नाही, तो अंगठा माझा नव्हे." आजवर आपण फक्त हात चोळत बसलो. दस्त नोंदवताना निबंधकाच्या कचेरीत वेगळ्या बुकात अंगठा घ्यायचे. ते बुक उघडा म्हणायचं. म्हाताऱ्याचा अंगठा आज घ्या आणि तज्ज्ञाकडून जुळवून बघा म्हणायचं. खडी फोडून, नांगर धरून रेषा झिजतात, पण पुन्हा त्याच उगवतात. जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाहीत. जुळला नाही तर खत खोटं. ज्यांचा खरंच दिलेला आहे त्यांनी घाबरू नये. कुठल्या साली, कुणाच्या परवानगीनं, हे प्रश्न उरतातच.

ज्यांच्याकडं अशी प्रकरणं आहेत त्यांनी सातबारा, फेरफाराचा उतारा आणि खताची नक्कल असेल ती घेऊन पुढच्या बैठकीला यावं. कागद नसेल तरी या. म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून आणा, पण आणा. त्यांचा अंगठा त्यांच्याबरोबर गेला तर पुरावाही गेला.

शंभर वर्षं त्यांनी आपल्या बोटांना शाई लावली. कधी कर्जाच्या खतावर, कधी हजेरीच्या रजिस्टरात, कधी कोऱ्या कागदावर. आता आपण विचारायचं: पाऊल बघितलं का? ठसा उचलला का? कागद दाखवा. पुरावा दाखवा.

कोऱ्या कागदावर अंगठा नाही!
खोट्या खतावर जमीन नाही!
जल, जंगल, जमीन आमची!

जोहार!